लिएन चिएन-शिंग यांच्या चित्रांचा कॅटलॉग : आमच्या चांद्याच्या नजरेतून

आधी सरळ सांगून टाकते, मिळाला तर घ्या. मला तैपेईतल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात साडेसहाशे तैवानी डॉलरला मिळाला, म्हणजे आपले साधारण अठराशे रुपये, आणि सेकंडहॅण्ड असूनही आतली पानं कोरी होती, फक्त वरचं जॅकेट एका कोपऱ्यात फाटलेलं. मी तैवानातल्या शिंचूला राहते, रिसर्चच्या कामासाठी आलेय, चित्रकलेतलं शिक्षण शून्य, त्यामुळे ब्रशस्ट्रोक आणि कंपोझिशन वगैरेवर मी बोलणार नाही. पण हा चित्रकार ज्या विषयाची चित्रं काढतो, म्हणजे बंद पडलेल्या खाणी आणि त्यात फिरणारी जनावरं, तो विषय मी चित्रकलेच्या पुस्तकात नाही तर घराच्या गच्चीवरून बघत मोठी झालेय, म्हणून लिहावंसं वाटलं.

चित्रकाराचं नाव लिएन चिएन-शिंग. लिएन हे आडनाव, तिकडे आडनाव आधी येतं. जन्म १९६२, कीलुंगचा. कीलुंग म्हणजे तैवानच्या उत्तर टोकाचं बंदर, तैपेईहून लोकल ट्रेनने तासाभरावर, आणि तिथे इतका पाऊस पडतो की लोक त्याला पावसाचं बंदरच म्हणतात. बंदराच्या मागे डोंगर आणि त्या डोंगरांत कोळसा, तांबं, सोनं. तैपेईच्या वरच्या यांगमिंगशान डोंगरावरच्या चायनीज कल्चर युनिव्हर्सिटीत त्यांनी चित्रकला शिकली, सुरुवातीला फोटोसारखं हुबेहूब काढायच्या पद्धतीत काम केलं आणि मग हळूहळू त्या हुबेहूब जागांमध्ये न घडणाऱ्या गोष्टी घडायला लागल्या, ज्याला समीक्षक मॅजिक रिअलिझम म्हणतात. १९९८ साली तैपेईत काही चित्रकारांनी मिळून हानतू नावाचा गट काढला, त्यातलेही ते एक. बस, चरित्र इतकंच पुरे, कारण पुस्तकातही मला खरी ओढ लागली ती चित्रांची.

चित्रं कशी आहेत सांगते. मोडकळीला आलेली काँक्रीटची इमारत, खिडक्यांची भोकं तेवढी उरलेली, छप्पर नाही, भिंतीवरून वेली उतरलेल्या, कुठेतरी पाणी साठलेलं आणि ते इतकं स्थिर की त्यात अख्खी इमारत उलटी दिसते. मागे हिरवेगार उभे डोंगर, वर ढग, उजेड असा की आत्ता पाऊस थांबलाय आणि अजून ऊन पडलेलं नाही. आणि या सगळ्याच्या मध्ये जनावर. हरीण असेल, कधी मोठ्या मांजराच्या जातीतलं एखादं, कधी तर तैवानशी काही संबंध नसलेलं दूरदेशीचं. ते काही करत नाही हो. शिकार नाही, पळणं नाही, आपल्याकडे बघून डरकाळी नाही. नुसतं उभं असतं किंवा चालत असतं, जसं काही ही जागा पहिल्यापासून त्याचीच. माणूस मात्र नाही. माणसाने बांधलेलं सगळं आहे, जिने आहेत, खांब आहेत, पाइप आहेत, आणि माणूस तेवढा निघून गेलाय.

मी पहिलं चित्र पुस्तकात नाही, तैपेईतल्या एका गॅलरीत बघितलं, मैत्रिणीबरोबर सहज आत शिरले होते, तिकीट नव्हतं, बाहेर पाऊस होता म्हणून. माझे दोन्ही हात पसरले तर जेवढं होईल त्याहून रुंद चित्र. आणि मी तिथे अशी उभी राहिले की मैत्रीण बाकीचे दोन हॉल बघून परत आली तरी मी तिथेच. तिने विचारलं काय झालं, मी म्हटलं हे आमच्या घरामागचं आहे. तिला वाटलं मी गंमत करतेय.

आमचं घर दुर्गापूरला, चंद्रपूर म्हणजे जुन्या चांदा शहराला लागून, बाबा वेकोलिमध्ये, म्हणजे सरकारी कोळसा कंपनी वेस्टर्न कोलफिल्ड्समध्ये, एकतीस वर्षं नोकरीला होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एका बाजूला वेकोलिची कोळशाची उघडी खाण, दुसऱ्या बाजूला महाऔष्णिक वीज केंद्र, त्याच्या चिमण्या, आणि खाणीतून काढलेल्या मातीचे डोंगराएवढे ढिगारे ज्यावर वेडी बाभूळ आणि काय काय उगवून जंगल झालंय. आणि वरच्या अंगाला ताडोबा, ज्याला १९५५ साली नॅशनल पार्क केलं आणि १९९५ साली व्याघ्र प्रकल्प. वाघाला काय माहीत कुठे पार्क संपला आणि कुठे कंपनी सुरू झाली, तो येतो. रात्रपाळीहून येणारी माणसं गाडीच्या लाइटमध्ये त्याला बघतात, वीज केंद्राच्या आवारात त्याचे व्हिडिओ निघतात, मातीच्या ढिगाऱ्यावर बसलेला वाघ हा आमच्याकडे व्हॉट्सअॅपवर गुड मॉर्निंगच्या मेसेजसारखा फिरतो. आणि त्याची किंमतही आम्ही मोजलीय, २०२२ च्या फेब्रुवारीत वीज केंद्रातल्या एका कामगाराला वाघाने मारलं आणि लगेच दुसऱ्या दिवशी दुर्गापुरात एका पोराला बिबट्याने नेलं. त्या आठवड्यात आईचा फोन यायचा तो संध्याकाळी सहाच्या आत, कारण सहानंतर ती खिडकीतसुद्धा उभी राहायची नाही.

तर अशी मी ते चित्र बघत होते, आणि मला पहिल्यांदा वाटलं की अरे हा तर आमचाच माणूस आहे, यानेही हे बघितलंय. पुस्तक घेऊन घरी आले, फोनवरच्या ट्रान्सलेटरने एकेक परिच्छेद वाचत गेले, आणि मग लक्षात आलं की नाही, त्याने हे बघितलेलं नाही. त्याच्या डोंगरात ही जनावरं येत नाहीत. तिथेच माझं सगळं बघणं फिरलं, आणि ते मला या पुस्तकाचं सगळ्यात मोठं देणं वाटतं.

हरणाचंच बघा. तैवानचं एक ठिपक्यांचं हरीण आहे, आपल्या चितळासारखं दिसतं, पूर्वी पश्चिमेच्या सगळ्या मैदानात कळपांनी असायचं. सतराव्या शतकात डच आले आणि त्यांनी हरणाच्या कातड्याचा धंदा मांडला, कातडी जपानला जायची, १६३८ च्या सुमारास तर वर्षाला लाखावर. एका वर्षाला लाख! पश्चिम किनाऱ्यावर लुकांग नावाचं गाव आहे, नावाचा अर्थच हरणांचं बंदर, आज तिथे देवळं आणि खाण्याच्या गाड्या आहेत, हरीण फक्त नावात. जंगलातलं शेवटचं १९६९ मध्ये संपलं असं मानतात. पुढे १९८४ पासून तैपेईच्या झूमधली हरणं दक्षिणेला केंटिंग नॅशनल पार्कात नेऊन वाढवली आणि १९९४ पासून मोकळी सोडायला लागले, त्यांची पिल्लावळ आज तिथे आहे. आणि बिबट्याच्या जातीतला ढगाळ ठिपक्यांचा एक सुंदर प्राणी होता त्यांचा, क्लाउडेड लेपर्ड, आपण ईशान्येकडे ज्याला लामचिता म्हणतो त्याचा भाऊ. संशोधकांनी तेरा वर्षं डोंगरात कॅमेरे लावले, एक फोटो आला नाही, शेवटी २०१३ मध्ये सांगून टाकलं की संपला.

आता हे डोक्यात ठेवून परत पुस्तक उघडा. तेच हरीण, तीच पडकी इमारत, तेच स्थिर पाणी. आमच्याकडे वाघ खाणीत दिसतो ती बातमी असते. याच्याकडे हरीण खाणीत दिसतं तो शोक आहे, किंवा आमंत्रण म्हणा, माणसं तर गेली, आता तुम्ही तरी परत या. जे मी आधी घराची आठवण म्हणून बघत होते ते एकदम दुसऱ्याच बाजूने लागलं. रूपककथा म्हणतात ना आपण, पंचतंत्रात कोल्हा म्हणजे लबाड आणि सिंह म्हणजे राजा, तसं इथे काही नाही, कुठल्या प्राण्याचा अर्थ काय अशी चावी पुस्तक देत नाही आणि दिली असती तर मला आवडलं नसतं. हरीण हे हरीणच आहे. फक्त ते जिथे असायला हवं होतं तिथे नाहीये आणि जिथे आहे तिथे असू शकत नाही.

पुस्तक घेतल्यावर मी दोन वेळा जिनग्वाशीला, म्हणजे त्याच डोंगरांतल्या बंद पडलेल्या खाणींच्या गावाला, जाऊन आले, तेही सांगायला हवं कारण त्याशिवाय हा रिव्ह्यू अर्धा आहे. तैपेईहून ट्रेनने रुईफांग, तिथून ७८८ नंबरची बस, जी वळणं घेत घेत आधी च्यौफेनला जाते, जिथे सगळे टुरिस्ट लाल कंदिलांसाठी उतरतात, तुम्ही उतरू नका, बसून राहा, पुढे जिनग्वाशी. १८९० मध्ये रेल्वेच्या पुलाचं काम करताना कीलुंग नदीत सोन्याचे कण सापडले आणि त्याचा माग काढत काढत लोक या डोंगरांपर्यंत पोचले, मग १८९५ ला जपान्यांनी तैवान घेतलं आणि खाणी त्यांच्या ताब्यात गेल्या, सोन्याबरोबर तांबंही निघालं. दुसऱ्या महायुद्धात इथे ब्रिटिश आणि इतर दोस्त देशांच्या युद्धकैद्यांना आणून तांब्याच्या खाणीत राबवलं, त्यांचं स्मारक गावात आहे, तिथे जरूर थांबा. युद्धानंतर तैवानची सरकारी कंपनी आली आणि १९८७ ला तीही बंद पडली. १९८७ हेच साल तैवानात मार्शल लॉ उठल्याचंही आहे, अडतीस वर्षांचा. म्हणजे लिएन पंचविशीचे असतील तेव्हा एकीकडे सगळं बोलायची मोकळीक मिळत होती आणि दुसरीकडे त्यांच्या लहानपणाच्या डोंगरातली चाकं थांबत होती. मला वाटतं या चित्रांत जो एक थांबलेपणा आहे ना, तो इथून आला असेल, हे माझं मत, पुस्तकात असं कुणी लिहिलेलं नाही.

गावातून खाली समुद्राकडे उतरलं की श्वेइनानतोंग, आणि तिथे ते दिसतं, डोंगराच्या अंगावर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेला एक प्रचंड सांगाडा, १९३३ साली बांधलेला खनिज दळायचा कारखाना. लोक त्याला तेरा थर म्हणतात. मी बसच्या खिडकीतून बघितलं आणि तोंडातून बाप्पा निघालं. पुस्तकातल्या कितीतरी चित्रांचं हाडंमांस हे आहे, तेच खांब, तीच खिडक्यांची भोकं. मागे डोंगरावरून धूर वाहून नेणारी लांबच लांब नळी जाते, अजगर पडून राहिल्यासारखी. समोर समुद्राचं पाणी दोन रंगांचं, किनाऱ्याशी पिवळट आणि पुढे निळं, कारण डोंगरातल्या खनिजातलं लोखंड झिरपून खाली येतं. मी तिथे दोन तास बसले. एक कुत्रं आलं, आकाशात घारी होत्या, बाकी कुणी नाही. २०१९ पासून रात्री त्या सांगाड्यावर दिवे लावतात, पिवळसर, छान दिसतं, पण मला दिवसाउजेडी पावसाळी हवेतलं जास्त खरं वाटलं, चित्रातलं तसं.

आता पुस्तकाच्या तक्रारी, कारण आहेत. सगळ्यात मोठी ही की मोठी आडवी चित्रं दोन पानांवर पसरून छापलीत आणि मधली घडी नेमकी जिथे जनावर आहे तिथे येते. तीन ठिकाणी तर मी सुरुवातीला बघितलंच नाही की इथे काहीतरी उभं आहे, पुस्तक जोरात दाबून उघडलं तेव्हा शिंगं दिसली. ज्या चित्रात अख्खा जीव त्या एका छोट्याशा प्राण्यात आहे, तिथे तोच घडीत गिळला जावा याचं फार वाईट वाटलं. बाइंडिंग शिवलेलं असतं तर पान सपाट उघडलं असतं, हे चिकटवलेलं आहे आणि जास्त दाबलं तर मोडेल अशी भीती. दुसरं म्हणजे हिरवा रंग. गॅलरीत मी बघितलेल्या चित्रात हिरव्याचे इतके थर होते की शेवाळ वेगळं, गवत वेगळं, लांबचा डोंगर वेगळा कळत होता, छपाईत ते सगळं किंचित निळसर होऊन एकाच्या अंगावर एक आलंय. अंधाऱ्या चित्रांत, जिथे इमारतीच्या आतला भाग आहे, तिथे तर खूपच हरवलंय. पाण्यातलं प्रतिबिंब मात्र फार सुंदर उतरलंय, त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

मजकूर सगळा चायनीज, तोही तैवानातली जुनी लिपी, इंग्लिश फक्त चित्रांची नावं आणि मापं. फोनचा कॅमेरा धरून भाषांतर होतं पण समीक्षकांची वाक्यं लांबलचक आणि भाषांतरात त्यांची पार भेळ होते, मी ऑफिसमधल्या एका सहकारी ताईंकडून दोन निबंध समजून घेतले, तिने तिचे दोन लंच ब्रेक मला दिले. तेव्हा तिने सांगितलं की तिचे आजोबा रुईफांगच्या कोळशाच्या खाणीत होते, आणि पुस्तक चाळता चाळता ती एका पानावर थांबली आणि काही बोललीच नाही. मापं जरूर वाचा बरं का, प्रत्येक चित्राखाली सेंटिमीटर दिलेत, मी भिंतीवर पेन्सिलने एका चित्राचं माप आखून बघितलं, म्हणजे कल्पना येते की आपण पोस्टकार्डाएवढं जे बघतोय ते खरं किती मोठं आहे. नाहीतर पुस्तकातून असा समज होतो की ही नाजूक छोटी चित्रं आहेत.

दुकानाबद्दल. नाव देत नाही कारण ते आजोबा एकटेच चालवतात आणि त्यांना गर्दी नको असते असं त्यांनीच सांगितलं. मला तोडकंमोडकं मँडरिन येतं, मी फक्त चित्रकाराचं नाव आणि हरीण एवढं म्हटलं तर ते शिडीवर चढून बरोबर काढून घेऊन आले. घासाघीस केली नाही, करावीशी वाटली नाही. बाहेर पाऊस होता तर आधी खाकी कागद, मग प्लास्टिक, मग परत दोरी, असं बाळासारखं गुंडाळून दिलं. कार्ड चालत नाही, कॅश न्या.

आणि पोस्टाचं. बाबांना बघता यावं म्हणून मी ते कुरियरने चंद्रपूरला पाठवलं, जवळजवळ दोन किलो वजन, पुस्तकाच्या किमतीच्या दुपटीहून जास्त पैसे गेले आणि पोचलं तेव्हा एक कोपरा चेपलेला, तक्रार केली तर पॅकिंग तुमचं होतं म्हणाले. तुम्ही भारतात पाठवणार असाल तर कोपऱ्यांना जाड पुठ्ठा लावा, किंवा सरळ कुणी येणारं असेल त्याच्या बॅगेत द्या, मी पुढच्या वेळी तेच करेन.

बाबांनी ते पुस्तक तीन दिवस बघितलं. मला वाटलं होतं ते आधी जनावर बघतील, आपल्या तिकडे सगळे तेच बघतात, पण व्हिडिओ कॉलवर त्यांनी बोट ठेवलं ते मागच्या इमारतीवर. सीएचपी म्हणजे त्यांच्या खाणीतला कोळसा फोडून पुढे पाठवायचा कारखाना, कोल हँडलिंग प्लांट. म्हणाले, "हे आपल्या सीएचपीसारखं आहे, पण आपला सपाटीवर बेल्टने चालतो. यांनी डोंगराचा उतार वापरलाय बघ, माल वरून टाकायचा, एकेक मजला खाली उतरता उतरता बारीक होत जायचा, वर चढवायला लागत नाही." आणि ते बरोबर होतं, मी नंतर तिथल्या फलकावर वाचलेलं आठवलं, खनिज वरून आत येतं आणि खाली उतरत जातं. मी त्या इमारतीसमोर दोन तास बसले होते पण ती चालायची कशी हे मला बाबांनी चंद्रपूरच्या सोफ्यावरून सांगितलं.

मग त्यांनी विचारलं, बंद पडल्यावर कामगारांचं काय झालं. मी सांगितलं की बरेचसे गाव सोडून तैपेईला आणि कीलुंगला गेले, आता तिथे म्युझियम आहे, खाणीचा एक बोगदा बघता येतो, दोनशे वीस किलोची सोन्याची वीट ठेवलीय तिला हात लावता येतो. ते म्हणाले, "आणि जनावरं?" मी म्हटलं नाही बाबा, ती फक्त चित्रात आहेत. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "आपल्याकडे अजून आहेत." मग आईने मागून आवाज दिला की साडेसहा वाजले, गेट लावून या.

पुस्तक आता तिकडेच आहे, परत मागवणार नाही. ज्या गॅलरीबद्दल लिहिलं तिथे आता दुसऱ्या कुणाचं प्रदर्शन लागलंय, पण तैपेईत असाल तर लिएन यांचं चित्र कुठे लागलंय का यावर लक्ष ठेवा, खरं चित्र बघायला मिळालं तर पुस्तक नंतर घ्या, आधी ते बघा. आणि आजोबांच्या दुकानात मी गेल्या महिन्यात परत गेले होते तेव्हा आणखी एक प्रत होती, खालच्या कप्प्यात, भिंतीकडच्या बाजूला, जॅकेट न फाटलेली. मी ती घेतली नाही. कुणाला हवी असेल तर मला मेसेज करा, रस्ता समजावून सांगते.